जिताड्यासाठी काठी

ऐका पोरांनो, आज गोष्ट एका काठीची. दोन दिवस तुमचा हट्ट चाललाय, आजोबा, मोठा ल्युअर फेकायला कोणता रॉड घेऊ? सांगतो. पण आधी मासा ओळखायचा, मग त्याचं आमिष, म्हणजे तुमचा ल्युअर, आणि काठी शेवटी. उलट्या क्रमानं गेलात तर पैसेही जातील आणि मासाही.

ठाण्यातल्या आपल्या माजिवड्याच्या नाक्यावरून जुना आग्रा रोड धरला, बाळकूम ओलांडलं, की कशेळीचा पूल लागतो. त्याखालचं पाणी उल्हास नदीचं. राजमाचीच्या डोंगरांत ती जन्मते. कर्जत, बदलापूर, कल्याण करत आपल्याकडे येते आणि ठाण्याजवळ तिला दोन फाटे फुटतात. मोठा फाटा घोडबंदरावरून वसईच्या समुद्राला मिळतो, लहान फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो. भरती आली की समुद्राचं खारं पाणी वर चढतं, ओहोटी लागली की नदीचं गोडं पाणी खाली जातं. दिवसातून दोनदा असं पाणी बदलतं. एवढ्या बदलाला पुरून उरणारा एक मासा आहे, त्याचं नाव जिताडा. शास्त्रज्ञ त्याला लेट्स कॅल्कॅरिफर म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो बॅरामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तिकडे पेण-अलिबागकडे लोक त्याला तळ्यांत पाळतात आणि पाहुण्याला जिताडा वाढणं मोठ्या मानाचं समजतात.

जिताडा पाठलाग करणाऱ्यांतला नाही. तो दबा धरतो. तिवरांच्या मुळांजवळ, पुलाच्या खांबाआड, जिथे वाहत्या पाण्याला आडोसा मिळतो तिथे तो थांबतो. पाणी लागलं, म्हणजे भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी धावू लागलं, की बोय माशांचे थवे आणि कोळंबी त्या ओघाबरोबर वाहत येतात. जिताड्यानं तोंड उघडलं की आतली पोकळी एकदम फुगते, आणि समोरचं पाणी माशासकट आत ओढलं जातं. सेकंदाच्या काही शतांश भागात सगळं संपतं. कोळी सांगतात, अंधारात खाडीवर ‘डुब्ब’ असा आवाज झाला की समजावं, जिताडा जेवला.

आता विचार करा. मोठ्या माशाला प्रत्येक झेपेला शक्ती खर्चावी लागते. वीस चिंगळ्यांसाठी वीस झेपा घ्यायच्या, की एका मोठ्या बोयीसाठी एक? वजनदार जिताड्याला दुसरा सौदा परवडतो. लहानपणापासून त्याचा घास मोठा असतो. मत्स्यबीज केंद्रांत जिताड्याची पिल्लं पुन्हा पुन्हा आकारानुसार वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठं पिल्लू आपल्याच धाकट्या भावंडाला गिळतं. म्हणून मोठ्या जिताड्याच्या मागे असलेले गळकरी वीतभर लांबीचं नकली मासोळीचं आमिष वापरतात. त्यालाच स्विमबेट म्हणतात. काही मऊ रबरी असतात, त्यांना वल्ह्यासारखी शेपटी असते. काही कडक असतात आणि त्यांचं अंग दोन-तीन सांध्यांनी जोडलेलं असतं.

‘पण आजोबा, खाडीचं पाणी तर गढूळ. जिताड्याला ते दिसतं कसं?’

चांगला प्रश्न. जिताड्याचे डोळे मंद उजेडात काम करणारे आहेत, रात्री विजेरीचा झोत पडला की ते चमकतात. पण गाळानं भरलेल्या पाण्यात डोळे पुरत नाहीत. तिथे दुसरं इंद्रिय कामाला येतं. जिताडा हातात घेऊन त्याची कूस नीट पाहा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली दिसेल. ती पार्श्वरेषा. त्या रेघेखाली नळी असते, तिला बाहेर बारीक छिद्रं असतात, आणि आत सूक्ष्म केसांच्या पेशी एका मऊ जेलीत रोवलेल्या असतात. पाणी जरा हललं की जेली कलते, केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. तुमच्या-माझ्या कानाच्या आत याच जातीच्या पेशी बसलेल्या आहेत. आपण त्यांनी हवेतला आवाज ऐकतो, मासा त्यांनी पाण्याची हालचाल जाणतो.

आणि हालचाल तरी कसली? मासा पोहतो तेव्हा त्याच्या अंगातून डोक्याकडून शेपटीकडे एक लाट जाते. शेपटी डावीकडे झटकली की पाण्यात एक भोवरा सुटतो, उजवीकडे झटकली की दुसरा. मासा पुढे निघून जातो, पण मागे भोवऱ्यांची माळ काही काळ तशीच फिरत राहते. २००१ साली शास्त्रज्ञांनी युरोपातल्या वेल्स नावाच्या शिंगाळ्यासारख्या माशावर प्रयोग केला. पूर्ण अंधारात त्याच्यासमोर लहान गप्पी मासे सोडले. गप्पी ज्या वाटेनं गेला, त्याच वळणावळणाच्या वाटेनं वेल्स त्याच्या मागे गेला, कधी कधी गप्पी जाऊन दहा सेकंद झाल्यावरसुद्धा. पाण्यात उमटलेल्या पाऊलखुणा त्यानं वाचल्या होत्या.

स्विमबेटचं सगळं मर्म इथे आहे. ओढताना पाणी त्याच्या शेपटीवर आदळतं, शेपटी डाव्या-उजव्या बाजूला डुलते आणि खऱ्या बोयीसारखी भोवऱ्यांची माळ मागे सोडते. लहान माशाची शेपटी भराभर हलते, मोठ्याची संथ. वीतभर स्विमबेटची संथ, दमदार थाप गढूळ पाण्यातल्या जिताड्याला सांगते, इकडे पोट भरेल असं काहीतरी चाललंय.

आता आलो काठीकडे. एवढं आमिष जड असतं. ६० ग्रॅमपासून दीडशे ग्रॅमपर्यंत, काही त्याहून जास्त. आपण १०० ग्रॅम धरू. ते ५० मीटरवरच्या तिवरांच्या कडेला टाकायचं, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी काठीच्या टोकापासून ते सेकंदाला २२ मीटर वेगानं सुटलं पाहिजे, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. हा वेग शून्यापासून सुरू होऊन टोकाच्या साधारण चार मीटरच्या फेऱ्यात यायचा. हिशेब केला तर आमिष त्या क्षणी आपल्या वजनाच्या सहापट जड होतं. १०० ग्रॅमचे ६०० ग्रॅम झाले. आणि ते टांगलेत कुठे? तुमच्या पुढच्या हातापासून दोन मीटर दूर, काठीच्या टोकाला.

तरफेचा नियम शाळेत शिकलात ना? मागचा हात पुढच्या हातापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर त्याला सहा किलोचा भार ओढावा लागेल. तोच हात ४० सेंटीमीटरवर गेला की भार तीन किलोवर येतो. म्हणून मोठ्या स्विमबेटच्या रॉडची मूठ लांब असते, दोन्ही हातांनी धरायची असते. दुकानात रॉड उचलाल तेव्हा मुठीचं शेवटचं टोक कोपराच्या मागे जरासं जातंय का बघा. हाताच्या पंजाएवढीच मूठ असलेला सुंदर रॉड मिळाला तरी या कामासाठी बाजूला ठेवा. तासाभरात मनगट भरून येईल.

मग ‘जितका ताठ तितका चांगला’ असं वाटतं की नाही? वाटतं. आणि इथेच पुष्कळ माणसं फसतात. ह्याचं उत्तर आपल्या येऊरच्या रानात उभं आहे.

येऊरला जाल तेव्हा वाऱ्यात डुलणारं बांबूचं बेट पाहा. बांबू झाड नाही, गवत आहे. त्याचा कोंब जमिनीतून बाहेर येतो तोच आपल्या पूर्ण जाडीचा, पुढे तो जाड होतच नाही. काही महिन्यांत पूर्ण उंच होतो आणि मग दोन-तीन वर्षं आतल्या आत टणक होत जातो. म्हणून जाणते लोक कोवळा बांबू काठीसाठी तोडत नाहीत. आता एक बांबू आडवा कापला तर काय दिसतं? मध्ये पोकळी, आणि भिंतीत गडद ठिपके. ते ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात, बाहेरच्या सालीकडे दाटी करतात.

का? कुठलीही काठी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो आणि अगदी मधोमध जवळजवळ काहीच येत नाही. बांबूनं मधलं सामान काढून टाकलं आणि वाचलेली ताकद कडेला लावली. जागोजागी पेरं घातली, म्हणजे वाकताना नळी चपटी होऊन चुरडू नये. बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक ठेवली, म्हणजे वारा आला की आधी शेंडा लवतो, मग मधला भाग, आणि अगदी वादळ आलं तरच बुंधा. भार जसा वाढतो तसा बांबूचा जास्त जास्त भाग कामाला लागतो. म्हणून वादळात ताठ झाडं उन्मळतात आणि बांबू झुकून पुन्हा उभा राहतो.

आपल्या लोकांना हे केव्हाच ठाऊक होतं. कोकणात गरवायला जाणारा माणूस अजून चिवाराची किंवा तशाच बारीक बांबूची काठी शोधतो. आणि गंमत ऐका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गळाच्या उत्तम काठ्या बनू लागल्या त्या आपल्याच देशातल्या बांबूच्या. तो कलकत्ता बंदरातून जहाजानं जायचा, म्हणून त्याला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुका बनवणाऱ्या कारागिरानं १८४०च्या दशकात या बांबूच्या पट्ट्या काढल्या आणि एकमेकींना चिकटवून काठ्या केल्या. पुढे सहा पट्ट्यांची पद्धत रुळली. प्रत्येक पट्टीची दाट तंतूंची साल बाहेरच्या अंगाला. बांबूनं शिकवलेलाच धडा माणसानं गोंदानं पुन्हा लिहिला. नंतर चीनमधला टोन्किन बांबू आला, १९४०च्या दशकात काचतंतू आले आणि १९७०च्या दशकात कार्बन तंतू. पण आजचा महागडा कार्बन रॉड हातात घेतलात तरी तो आतून पोकळ, बुंध्याशी जाड, शेंड्याला बारीक असाच असतो. आणि त्याचे बरेचसे तंतू बांबूसारखेच उभे, लांबीच्या दिशेनं गेलेले असतात.

आता फेक म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. तुम्ही काठी पुढे नेता, आमिषाचं वजन टोकाला मागे खेचतं, काठी वाकते. त्या वाकण्यात शक्ती साठते. साधारणपणे दुप्पट वाकली तर चौपट शक्ती. मग तुम्ही हात थांबवता, काठी सरळ होते आणि साठलेली शक्ती आमिषाला देऊन टाकते. फार ताठ काठी वाकतच नाही, मग सगळं काम तुमच्या खांद्यानं करायचं. फार मऊ काठी मुळापर्यंत वाकते आणि वेळेवर सरळ होत नाही, आमिष दहा मीटरवर धप्पकन पडतं. वर झटका दिलात तर कडकन मोडते. पाहिजे ती मधली, नेमक्या वजनाला नेमकी वाकणारी.

हे दुकानात कसं ओळखायचं? मुठीच्या वर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. त्यात आमिषाचं वजन दिलेलं असतं, ग्रॅममध्ये किंवा औंसांत. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. दोन ते सहा औंस लिहिलं असेल तर तो रॉड ५६ ते १७० ग्रॅमचा. तुमचं आमिष गळांसकट तराजूवर ठेवा आणि ते वजन या दोन आकड्यांच्या मध्यावर येईल असा रॉड घ्या. वरच्या टोकाला चिकटून राहू नका, कारण चुकून एखादा झटका बसतोच. आणि अर्ध्या औंसाच्या रॉडनं हे आमिष फेकायचं तर विसराच.

मग दोन शब्द ऐकू येतील, पॉवर आणि ॲक्शन. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. आपल्याला हेवी किंवा एक्स्ट्रा हेवी लागेल. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट ॲक्शनची काठी फक्त शेंड्याकडे वाकते, स्लो ॲक्शनची थेट मुठीपर्यंत. जड आमिषाला मॉडरेट-फास्ट उत्तम, म्हणजे शेंडा सहज लवेल आणि भार वाढला की मधला भागही साथ देईल. मऊ रबरी स्विमबेटला एकच जाड गळ असेल, तर तो जिताड्याच्या कडक तोंडात रुतवायला थोडी जास्त ताठ काठी बरी. कडक सांध्यांच्या आमिषाला तीन टोकांचे बारीक गळ असतात, तिथे थोडी मऊ काठी बरी, नाहीतर झटक्यासरशी तोंड फाटून गळ सुटतो.

लांबी साडेसात ते आठ फूट घ्या. टोक जितकं लांब तितका त्याचा फेरा मोठा आणि फेक लांब. पण त्याच जाडीच्या काठीची लांबी दुप्पट केली, तर त्याच वजनाला तिचं टोक आठपट झुकतं. म्हणून लांब काठी जाडही करावी लागते, आणि जाडी फक्त दहा टक्के वाढली तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. हाच खेळ करून कारागीर काठीची घडण ठरवतात. होडीतून किंवा तिवरांच्या फांद्यांखालून फेकायचं असेल तर सात फूट पुरे.

कार्बन की काच? कार्बन काचेपेक्षा साधारण तिप्पट ताठ आणि वजनाला हलका. दिवसभर जड आमिष फेकायचं तर हातातलं प्रत्येक ग्रॅम जाणवतं. पण कार्बनला खडकावर आपटून पडलेला ओरखडा सोसत नाही, ती चीर पुढच्या माशाच्या वेळी उघडते. काच धसमुसळा हात सहन करते. दोन्ही मिसळलेले रॉड मिळतात. शिकणाऱ्या हाताला मी तोच सुचवेन. आणि हे लक्षात ठेवा, कार्बनमधून वीज वाहते. खाडीकाठी वरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात. तारेखाली काठी उभी करायची नाही, आणि आभाळ गडगडलं की सगळं आवरून घरी यायचं. यात तडजोड नाही.

रील मोठ्या, आडव्या फिरकीचं, म्हणजे बेटकास्टिंग घ्या, आणि दोरी ब्रेड, म्हणजे विणलेली. ब्रेड जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून लांबचा हलका स्पर्शही हाताला कळतो. पण त्यामुळेच माशाचा झटका कुठे तरी मुरवावा लागतो, आणि ते काम काठीचं. पुढे जाड लीडर, म्हणजे आमिषाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा लावा, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. काठीवर दोरी ओवायच्या कड्यांच्या आत सिरॅमिकचं गुळगुळीत अस्तर असावं, आणि खाडीवरून आलात की सगळं गोड्या पाण्यानं धुवावं. मीठ धातूला खातं.

फेकताना झटका द्यायचा नाही. झोपाळ्यावर बसलेल्या लहान मुलाला आपण कसं हळू सुरुवात करून वेग वाढवत ढकलतो, तसं आमिषाला ढकलायचं. टोकापासून दीड-दोन फूट दोरी सोडा, काठी मागे नेऊन क्षणभर भार जाणवू द्या, मग दोन्ही हातांनी सलग पुढे. उधाणाच्या दिवसांत पाणी फार जोरात धावतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत धार मंद असते, शिकायला तेच दिवस चांगले. चिखलात एकट्यानं उतरायचं नाही, भरती मागून कधी येते ते कळत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. जिताडा पहिल्यांदा वयात येतो तो बहुतेक नर म्हणून. काही वर्षं नर राहतो, नदीमुखाशी जाऊन वंश वाढवतो. मग वाढत वाढत, साधारण मीटरभर लांबीच्या आसपास, त्याच शरीराची मादी होते. तीच एका हंगामात लाखो अंडी देते. म्हणजे वीतभर स्विमबेट ज्याच्यासाठी फेकतो तो खाडीतला सर्वांत मोठा जिताडा बहुधा मादी असते, अनेक वर्षं जाळ्यांतून, भरती-ओहोटीतून आणि आपण सोडलेल्या घाणीतून वाचलेली. आपल्या खाडीतली मासळी किती घटली ते कोळीवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. अशी एक मादी गेली तर तिच्याबरोबर पुढच्या हंगामाची लाखो अंडी जातात.

आणि इथे काठीची निवड माशाच्या जिवाशी येऊन भिडते. काठी कमकुवत असेल तर झुंज लांबते. मासा थकून थकून त्याच्या स्नायूंत आम्ल साचतं, सोडला तरी तो पुढे मरू शकतो. योग्य ताकदीची काठी त्याला लवकर जवळ आणते, आणि योग्य वाकणारी काठी त्याचं तोंड फाडत नाही. गळांचे काटे पकडीनं दाबून ठेवा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, पोटाखाली हात देऊन उभं राहा आणि त्यानं शेपटी मारली की जाऊ द्या. घरी न्यायचाच असेल तर मध्यम मासा न्या, खाण्यापुरता एक.

म्हणून दुकानात गेलात की विक्रेत्याला सर्वांत महागडा रॉड कोणता ते विचारू नका. तुमचं आमिष खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, एवढं वजन घेऊन नीट वाकेल अशी काठी आहे का? मग ती हातात घ्या, टोक कोणाला तरी धरायला लावा, हळू ओढा आणि ती कुठून लवते ते डोळ्यांनी पाहा. जी भाराच्या मानानं थोडी थोडी वाकत जाईल आणि सोडताच थरथर न करता सरळ होईल, ती घ्या. ती आमिष लांब टाकेल, तुमचा खांदा राखेल आणि खाडीतल्या मोठ्या मादीला जिवंत परत जाता येईल.